‘गो’चा भूतकाळ आणि ‘गेला’चं गोत्र

प्रश्न असा आलाय: इंग्रजी ‘गो’ आणि संस्कृत ‘गम्’ हे एकच ना? आणि एकच असतील, तर ‘आय ॲम गोइंग टु टेल यू’चं मराठी ‘मी तुम्हाला सांगायला जात आहे’ असं केलं तर बिघडलं कुठे?

दुसरा प्रश्न आधी उरकतो, कारण त्या प्रकाराने डोकं उठलंय. बिघडतं. ‘सरकार नवं धोरण आणायला जात आहे.’ ‘आज आपण एक सोपी रेसिपी बघायला जात आहोत.’ अहो, कुठे जाताय? येताना कोथिंबिरीची जुडीपण आणा! मराठीत ‘आणायला जाणे’ म्हणजे पायात चपला सरकवून बाहेर पडणे. पुढे व्हायच्या गोष्टीसाठी आपल्याकडे ‘-णार’ आहे: आणणार, बघणार, सांगणार. अगदी उंबरठ्यावर आलेली गोष्ट असेल तर ‘होऊ घातलेली’ म्हणा. शिवाय ‘करायला गेलो’ याला मराठीत फजितीचा वास आहे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्यामुळे सरकार धोरण आणायला गेलं म्हटलं की ऐकणारा पुढच्या मारुतीची वाट बघत बसतो.

इंग्रजीत हे ‘गोइंग टु’ चालतं, कारण तिथे त्यातलं चालणं कधीच गळून पडलंय. 1646 साली जोशुआ पूल नावाच्या व्याकरणकाराने ‘गोइंग टु’ ही भविष्याची खूण म्हणून नोंदवून ठेवली आहे, म्हणजे तोवर ती रुळलीच होती. परीक्षा सोपी आहे. ‘आय ॲम गॉना ईट’ म्हणता येतं, ‘आय ॲम गॉना पुणे’ म्हणता येत नाही. खरंखुरं जाणं असेल तिथे ‘गोइंग’ आखडत नाही. हिंदीने ‘करने जा रहे हैं’ उचललं, तो त्यांचा प्रश्न. आपण त्यांच्यामागून जायचं कारण नाही.

‘गो’चे बाकीचे अर्थ, म्हणजे घड्याळ चालणं, दूध नासणं, वेड लागणं, हे कुठल्याही कोशात मिळतील. मजा आहे ती पहिल्या प्रश्नात.

‘गो’ म्हणजे ‘गम्’ नव्हे. दोन्हींत ‘ग’ आहे म्हणून ते भाऊ, असं म्हणणारे म्हणजे व्हॅटिकनला वाटिका ठरवणाऱ्यांच्याच पंक्तीतले. त्यांच्यात काही पदवीधर आणि काही मास्तरही आहेत, ही दुःखाची बाब. याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने 1822 साली व्यंजनांचे जे नियम मांडले, त्यांच्या हिशेबाने ग-ला ग भेटला तर उलट संशय घ्यायला हवा. संस्कृतात जिथे ग असतो तिथे इंग्रजीत सहसा क येतो: गौः आणि काउ. आणि इंग्रजीत जिथे ग असतो तिथे संस्कृतात घ किंवा ह सापडतो: गूज (हंसासारखाच पक्षी) आणि हंस. आता याच मापाने ‘गम्’ मोजा. ग-चा क झाला की काय उरतं? कम!

होय. ‘गम्’चा इंग्रजी भाऊ ‘गो’ नसून ‘कम’ आहे. आपण ‘गेला’ म्हणतो आणि इंग्रज ‘केम’ म्हणतो, तेव्हा दोघे एकाच धातूवर उभे असतात, तोंडं फक्त विरुद्ध दिशांना. लग्नाच्या मांडवाच्या कमानीवर एका बाजूला ‘स्वागत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वेलकम’ लिहिलेलं असतं ना? ‘सु’ अधिक ‘आगत’ यातला ‘गत’ आणि ‘वेलकम’मधला ‘कम’ ही सख्खी भावंडं आहेत. रंगाऱ्याला याची कल्पना नसते, यजमानालाही नसते. याच धातूची ग्रीक शाखा ‘ॲक्रोबॅट’मध्ये आहे आणि लॅटिन शाखा ‘इव्हेंट’मध्ये. मांडव घालणारा स्वतःला इव्हेंट मॅनेजर म्हणवत असेल तर त्या एका दारात तिन्ही घरांची माणसं जमली म्हणायची.

मग ‘गो’ कुणाचा? भाषाशास्त्रज्ञ त्याची सोयरीक संस्कृत ‘हा’ धातूशी लावतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तो ‘ओहाङ् गतौ’ असा आहे, रूप ‘जिहीते’. त्याचा सख्खा शेजारी ‘ओहाक् त्यागे’, जहाति. गूज-हंस यांच्या जोडीशेजारी गो-हा ही जोडी ठेवून बघा, नीट बसते.

आता ‘वेंट’. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ ‘अनियमित’ आहे एवढं सांगून शाळेत पुढचा धडा घेतात. तो अनियमित नाही, तो दुसऱ्याच्या घरातून आणलेला आहे. ‘वेंड’ म्हणजे वळणे, वाट धरणे. जसं सेंड-सेंट, लेंड-लेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. जुन्या इंग्रजीत जाण्याचा भूतकाळ ‘एओदे’ होता, तोही मुळात ‘गो’चा नव्हेच. पुढे त्याचं ‘येड’, ‘योड’ झालं आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’ने त्याला बाहेर काढलं. 1579 साली स्पेन्सरने कवितेत ‘योड’ वापरला तेव्हा तो मुद्दाम जुनाट वाटावा म्हणून. स्कॉटलंडमध्ये मात्र ‘गो’च्या तिथल्या रूपालाच नेहमीचं शेपूट लावून ‘गेड’ झाला, बर्न्सच्या कवितांत तो भेटतो. आणि बिचाऱ्या ‘वेंड’ने आपला भूतकाळ देऊन टाकल्यावर स्वतःसाठी ‘वेंडेड’ असा नवा शिवून घेतला.

हे ऐकून ‘काय ही इंग्रजी!’ म्हणून हसणाऱ्यांनी जरा आपल्या घरात बघावं. ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’, यात ‘जा’ कुठे दिसतो? ‘जा’ आला ‘या’ धातूवरून. प्राकृतात सुरुवातीच्या य-चा ज होतो, जसा योगीचा जोगी आणि यात्रेची जत्रा. (जत्रेला ‘जाणे’ यात तोच धातू दोनदा येतो.) ‘गेला’ मात्र ‘गत’वरून, म्हणजे गम्. तीच गत ‘येणे’ची: ‘येतो’ हा ‘एति’चा, ‘आला’ हा ‘आगत’चा. आपली येण्याजाण्याची दोन्ही क्रियापदं वर्तमानात वेगवेगळ्या घरची आणि भूतकाळात दोघंही गम्-कडे उतरलेली.

आता माझं लाडकं मत. ते पटत नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात, तरी मांडतो. मराठीत ‘गेला’ इतका चिवट का राहिला? कारण ‘जा’चा सरळ भूतकाळ केला असता तर तो झाला असता ‘जाला’. आणि ती जागा रिकामी नव्हती! संस्कृत ‘जात’वरून आलेला ‘जाला’, म्हणजे आजचा ‘झाला’, तिथे आधीच बसला होता. ज्ञानेश्वरीत ‘जाला’ आणि ‘जाहला’ दोन्ही आहेत. एकाच रूपाला ‘गेला’ आणि ‘झाला’ ही दोन्ही कामं कशी करता येणार? कोकणीने तर भांडणच मिटवलं: ‘जावप’ म्हणजे होणे, ‘जालो’ म्हणजे झाला, आणि जाण्यासाठी वेगळं ‘वचप’. हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात ‘व्रज्’चा ‘वच्च’ होतो असं सांगतो, तेच हे. ‘वचणे’ जुन्या मराठीतही होतं, ज्ञानेश्वरीत सापडतं, पुढे ते आपण सोडलं. पण वचपचा भूतकाळ काय? ‘गेलो’च. वर्तमानकाळ बदलला, ‘गेला’ हलला नाही.

यावर एका विद्वान स्नेह्यांचं म्हणणं असं की हिंदीत ‘गया’ आहे, गुजरातीत ‘गयो’, बंगालीत ‘गेलो’. तिथे कुठे ‘जाला’ची अडचण होती? सगळ्यांना तो प्राकृतातूनच आयता मिळाला, मराठीचं वेगळं कारण शोधायची गरज काय? मिळाला प्राकृतातूनच, नाही कोण म्हणतो? कुठून मिळाला आणि का टिकला हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं भाषाशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला कळायला हरकत नाही. हिंदीत ‘मैं वहाँ जाया करता था’ म्हणतात. तो ‘जाया’ बघा! अडचण नव्हती म्हणून सरळ रूपाने एका कोपऱ्यात संसार थाटला. मराठीत त्याला तेवढाही कोपरा मिळाला नाही.

त्यांचा दुसरा बाण स्पॅनिशचा. तिथे ‘फुइ’ म्हणजे ‘मी होतो’ही आणि ‘मी गेलो’ही, आणि त्यांचं काही अडत नाही. नसेल अडत. त्यांच्याकडे जाण्याच्या ‘फुइ’पुढे बहुधा ‘आ’ हे अव्यय येतं, ‘फुइ आ माद्रिद’, आणि घोटाळा टळतो. आपल्याकडे असं काही खूण म्हणून लावायची सोय नाही. ‘पाऊस जाला’ एवढंच वाक्य घ्या. झाला की गेला? शेतकऱ्याने पेरणीला लागायचं की कपाळाला हात लावायचा?