घड्याळ ३९० म्हणतं, ट्रेडमिल ३१०. खऱ्या कॅलरी किती?

तुमचं वजन ७२ किलो. सपाट ट्रेडमिलवर ताशी ५ किमी वेगाने ४५ मिनिटं चाललात की मशीन ३१० कॅलरी दाखवतं आणि मनगटावरचं घड्याळ ३९०. कोणाचं खरं मानायचं आणि संध्याकाळी तेवढं जास्त खाल्लं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण माझी चूक तिथेच झाली होती. नका खाऊ.

मला डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून पाच किलो कमी करायला सांगितले होते. रोज पहाटे तासभर चालायचे. घड्याळ ३४० दाखवायचं आणि तेवढ्या जळल्याच आहेत असं धरून मी दुपारी पोटभर जेवायचे, चहाबरोबर वाटीभर शिराही घ्यायचे. चार महिने एकही खाडा नाही, तरी वजनकाटा जागचा हलला नाही. फार वाईट वाटलं. मग वही घेऊन हिशोब मांडायला बसले.

शरीर किती ऊर्जा वापरतंय हे नीट मोजायचं तर प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजतात. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला म्हणजे साधारण ५ कॅलरी. घड्याळाला तुमचा श्वास कळत नाही. ते हिरवा उजेड टाकून नाडी पाहतं, हात किती हलतोय ते पाहतं, आणि तुम्ही भरलेलं वय, वजन, उंची धरून अंदाज बांधतं. नाडी तर कशानेही वाढते: मे महिन्याचा उकाडा, अपुरी झोप, नुकतीच प्यायलेली कॉफी, ऑफिसातली काळजी. ऑक्सिजनचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. वजनं उचलताना तर हा अंदाज आणखीच बिघडतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं ६० जणांवर तपासली आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. नाडी मोजण्यात सातपैकी सहा यंत्रांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली, सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. ती मॉडेल्स आता जुनी झाली, पण नाडीवरून कॅलरी ताडायची पद्धत तीच आहे.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक गोम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे उंचीच्या मानाने वजन तेच, पण याज्ञिकांचे स्नायू कमी. बसल्याजागीसुद्धा ऊर्जा खातात ते मुख्यतः स्नायू आणि अवयव, चरबी फारच कमी. घड्याळात आपण फक्त किलो भरतो. त्यातले स्नायू किती, हे त्याला कोण सांगणार?

आता तुमचा हिशोब. शांत बसलेलं शरीर दर किलोला तासाला साधारण १ कॅलरी वापरतं. ताशी ५ किमीने सपाटीवर चालताना त्याच्या साडेतीन पटीपर्यंत. ७२ किलो, पाऊण तास म्हणजे १८० ते १९०. पण त्यातल्या ५४ तुम्ही सोफ्यावर बसून राहिला असतात तरी गेल्याच असत्या. चालण्यामुळे जास्तीच्या गेल्या त्या १३० च्या आसपास, तूप लावलेल्या एका मोठ्या पोळीइतक्या. माझ्या ३४० चं असंच झालं, १५५ उरल्या. हाही अंदाजच आहे, पण निदान कशावरून आला ते आपल्याला दिसतं.

काही घड्याळांत ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘टोटल’ असे दोन आकडे असतात. टोटलमध्ये या बसल्याजागच्या कॅलरी मिळवलेल्या असतात, तेव्हा आधी तुम्ही कोणता वाचताय ते पाहा. ट्रेडमिलने वजन विचारलं तर भरा. नाही विचारलं तर ते मनानेच एखादं वजन धरून चालतं. (पॉवर मीटर लावलेली सायकल मात्र बरीच भरवशाची, कारण ती पायांनी केलेलं काम थेट मोजते.)

घड्याळ मी काढून ठेवलेलं नाही. त्याच रस्त्याला, त्याच वेगाला मार्चमध्ये नाडी १३२ असायची, आता ११८ असते. हे त्याने नीट दाखवलं आणि मला त्याचा खरंच आनंद आहे. खाण्याचा निर्णय मात्र आता आठवड्याच्या वजनावरून घेते. शिरा रविवारी.

आणि ट्रेडमिलचा दांडा धरून चालत असाल तर १८० सुद्धा जास्त धरलेत असं समजा. अंगाचा भार हातांवर गेला की पायांचं काम हलकं होतं आणि मशीनला ते कळत नाही.