जुनं ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हर .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी बदललेलं मिळालंय. मी अमेरिकेत राहतो. दुकानातल्या गोळ्या झाडल्या तर चालतील का?

नाही. दुकानातल्या पूर्ण ताकदीच्या तर मुळीच नाही. इथे थांबलात तरी चालेल. पुढचं मी लिहितोय कारण माझ्या थोरल्या भावाने हाच प्रश्न मला विचारला नाही, थेट झाडायला लागला.

मी भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली. दादा टेक्सासात. एके रात्री साडेनऊला, आमची ताटं अजून उचलायची होती, त्याचा व्हिडिओ कॉल आला. हातात वेब्ली मार्क ६, १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आलेलं मॉडेल. वरचा खटका (चाप नव्हे) दाबला की ते बिजागरीवर वाकून उघडतं आणि पुंगळ्या आपोआप वर उचलल्या जातात, हे त्याने चारदा करून दाखवलं. मी म्हटलं, सिलिंडरची पाठ कॅमेऱ्याजवळ आण. कुणीतरी लेथवर फेसिंग मारलं होतं, म्हणजे पाठ कापून पातळ केली होती, आणि टूलच्या रेघा तशाच सोडल्या होत्या. फिनिशिंग कट घ्यायचाही कंटाळा.

वेब्लीच्या मूळ .४५५ च्या काडतुसाला बुडाशी कड असते, त्या कडेवर ते सिलिंडरात अडकून राहतं. .४५ एसीपी पिस्तुलाचं, त्याला तशी कड नाही. म्हणून तीन-तीन गोळ्या अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये अडकवतात, पहिल्या महायुद्धात अमेरिकनांनी १९१७ च्या रिव्हॉल्व्हरांसाठी काढलेली युक्ती. त्या क्लिपला जागा हवी म्हणून पाठ घासायची. लोक म्हणतात घासल्याने सिलिंडर कमजोर होतं. चूक. चेंबरची, म्हणजे गोळी बसते त्या भोकाची, भिंत होती तेवढीच राहते. दुखणं दाबाचं आहे. .४५५ चा दाब साधारण १३,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), .४५ एसीपीची मर्यादा २१,०००. म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि तोही दर गोळीला.

हे मी दुधाच्या बिलामागे लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं. दादा हसला. म्हणाला, ‘‘बसतंय म्हणजे चालतंय. इंग्रजांचं पोलाद आहे. तू आयुष्यात बंदूक धरली आहेस का?’’ नाही धरली. पण ‘बसतंय म्हणजे चालतंय’ म्हणणारे अप्रेंटिस मी डझनाने पाहिलेत, आणि त्यांनी मोडलेले जॉबही मीच उचललेत.

दोन महिन्यांनी फोन. दोनशेच्या आसपास गोळ्या झाल्या, बघ, काही झालं नाही. मी म्हटलं, धातू मोजत बसतो, बोलत नाही. पुढच्याच आठवड्यात रिव्हॉल्व्हर उघडलं तेव्हा एका क्लिपमधल्या दोन पुंगळ्या वर आल्या, तिसरी चेंबरातच. क्लिप वाकली. लाकडी दांडीने ठोकून काढावी लागली. मी म्हटलं, सिलिंडरवरून अंगठ्याचं नख फिरव. फिरवलं आणि गप्प झाला. त्या चेंबरवर बाहेरून फुगवटा. फुटलं नाही, कुणाला लागलं नाही, नशीब. पण त्याचं म्हणणं काय, तर गोळ्यांचा तो डबाच खराब होता!

आता तुमच्याबद्दल. आधी मार्क, म्हणजे मॉडेलचा क्रमांक, बघा. मार्क १ ते ३ काळ्या दारूच्या जमान्यातले, पहिलं १८८७ चं. ते भिंतीवर लावा. सिलिंडर जाड केलं ते १९१३ च्या मार्क ५ मध्ये, बिनधुराच्या दारूसाठी. मार्क ६ असेल तर तिकडच्या चांगल्या गनस्मिथकडून बिजागरीची ढिलाई, खटक्याची पकड आणि प्रत्येक चेंबर तपासून घ्या. मग .४५५ च्या मूळ दाबात राहणाऱ्या, हलक्या भरणीच्या शिशाच्या गोळ्याच. काडतुसात दारू स्वतः भरता येत नसेल तर भरणाऱ्याला दाब सांगून घ्या, ‘हलक्या द्या’ म्हणू नका, प्रत्येकाचं हलकं वेगळं असतं. .४५ ऑटो रिम नावाचं कडवालं काडतूसही मिळतं, क्लिप लागत नाही, पण दाबाचा नियम तोच.

भारतात कुणी हे वाचून कपाटातल्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरकडे बघत असेल तर बघणं बंद करा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बदल करणं गुन्हा आहे, आणि चालू शकणारं हत्यार जुनं आहे म्हणून सुटत नाही.

मी शेवटी लेथवाला, गनस्मिथ नाही, तपासणी माझ्या शब्दावर करू नका. पण दादा, गणपतीला तू फक्त वहिनीला आमच्याशी बोलायला लावलंस, फोनवर आला नाहीस. फुगलेल्या चेंबरचं आणि शेजारच्या चांगल्या चेंबरचं माप व्हर्नियरने घेऊन पाठव म्हटलं होतं. अजून आलेलं नाही.