लग्नाचा दाखला नाही म्हणून फाटकावरूनच परत पाठवले. भरलेले पैसे मिळतील का?

पुण्यातील एका वाचक भगिनीने आपली अडचण कळवली आहे, ती थोडक्यात अशी. साखरपुड्याला वर्ष होत असल्याने त्यांनी व त्यांच्या भावी पतीने सातारा जिल्ह्यातील एका जुन्या सरदार घराण्याच्या वाड्याच्या आवारात, आमराईत उभारलेल्या आलिशान तंबूतील दोन रात्रींचा मुक्काम ऑनलाइन नोंदवला आणि 42,800 रुपये क्रेडिट कार्डाने आगाऊ भरले. संध्याकाळी साडेपाचला ते पोहोचले, तेव्हा व्यवस्थापकाने दोघांची आधार कार्डे पाहिली, आडनावे वेगळी दिसताच लग्नाचा दाखला मागितला आणि तो नसल्याने आत घेतले नाही. वाद घातलात तर पोलिसांना बोलावू, असेही सुनावले. दोघे त्याच रात्री पुण्यास परतले. दुसऱ्या दिवशी संकेतस्थळावर त्यांच्या नोंदणीपुढे ‘नो शो’, म्हणजे पाहुणे आलेच नाहीत, असा शेरा पडला आणि पैसे परत मिळणार नाहीत असे कळवण्यात आले. आपण काही गुन्हा करत होतो का, पैसे परत मिळतील का आणि तक्रार केली तर हे घरी कळेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने एका खोलीत किंवा तंबूत राहण्यास मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. विवाहाशिवाय एकत्र राहणे हा गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात सांगितले आहे. अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहणे हाही गुन्हा नव्हे, असे मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले. आपली भीती मी समजू शकतो; 2015 मध्ये मुंबईत मढ व अक्सा येथील हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून जोडप्यांवर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या (पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा) कलम 110 खाली कारवाई केली होती, ते अनेकांच्या लक्षात आहे. परंतु ते कलम सार्वजनिक जागी केलेल्या असभ्य वर्तनासाठी आहे. फाटकावर ओळखपत्र हातात धरून उभे राहण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. शिवाय लग्नानंतर आडनाव न बदलणाऱ्या स्त्रिया आज कितीतरी आहेत, तेव्हा आडनावावरून विवाह ताडण्याची ही पद्धत मुळातच चुकीची आहे.

आता पैशांचा प्रश्न. येथे आपण एक मोह टाळावा, असे मला मनापासून सांगायचे आहे. ‘आम्हाला प्रवेश नाकारणे घटनाबाह्य आहे’ हा मुद्दा आपल्या तक्रारीचा पाया करू नये. राज्यघटनेच्या कलम 15(2) मध्ये हॉटेलांचा उल्लेख आहे खरा, पण तेथील मनाई धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांपुरती आहे. वैवाहिक स्थिती त्यात नाही. फक्त विवाहितांनाच उतरवून घेण्याचा नियम खासगी मालकाने ठेवला, तर तो आपल्याला कितीही खटकला तरी त्यावर वाद घालणे लांबचे आणि अनिश्चित काम ठरेल. मात्र असा नियम असेल तर तो पैसे घेण्यापूर्वी सांगितला गेलाच पाहिजे, आणि आपली बाजू नेमकी येथेच भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे आणि ग्राहकापासून महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हाही त्या त्रुटीचाच भाग मानला आहे. आपण पाठवलेल्या नोंदणीपत्रावर ‘दोन प्रौढ, प्रत्येकाचे छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र आवश्यक’ एवढीच अट आहे. जाहिरातीच्या छायाचित्रात तर तंबूतील पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या असून खाली ‘खास जोडप्यांसाठी’ असे छापले आहे. जोडप्यांना अशा रीतीने बोलावून, त्यांचे पैसे घेऊन, विवाहाची अट फाटकावर सांगणे ही माहिती दडवणेच आहे. नोंदणीच्या दिवशी ही अट संकेतस्थळावर ठळकपणे दिलेली असती, तर मी आपल्याला दावा न करण्याचा सल्ला दिला असता. म्हणून त्या पानाची त्या वेळची प्रत आपल्याकडे आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

‘नो शो’ची अट अन्यायकारक असल्याने ती रद्द करा, अशी मागणी करू नये. करारातील अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय ग्राहक आयोगाला आहे, जिल्हा ग्राहक आयोगाला नाही. आणि त्याची गरजही नाही, कारण आपण तेथे गेला होता. व्यवस्थापकाने दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिहिले आहे, ‘अनमॅरीड कपलला आम्ही देत नाही, रिफंड होणार नाही.’ जे आलेच नाहीत, ते अविवाहित आहेत हे व्यवस्थापकाला कसे कळले? या एका ओळीने त्यांचा शेरा खोटा पडतो.

मी सुचवतो तो क्रम असा. प्रथम ज्या संकेतस्थळावरून नोंदणी केली त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच देऊन एका महिन्यात निवारण करायचे असते. त्याच दिवशी, सेवा मिळाली नाही म्हणून आपल्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम परत फिरवण्याची, मागणीही नोंदवा. त्याची मुदत थोडी असते, म्हणून संकेतस्थळाच्या उत्तराची वाट पाहू नये. दोन्हीकडून दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्या, मग वाड्याचे चालक आणि संकेतस्थळ या दोघांनाही नोटीस पाठवा. त्यानंतर पुण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल, कारण तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागण्याची सोय या कायद्याने दिली आहे. साताऱ्याला खेटे घालावे लागणार नाहीत. सेवेसाठी मोजलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मूळ रक्कम, व्याज, प्रवासखर्च आणि मनस्तापाची माफक भरपाई मागावी. अवास्तव आकड्याने चांगली तक्रार कमकुवत होते.

तिसऱ्या प्रश्नाबाबत मला आपल्याला अंधारात ठेवायचे नाही. आयोगाचे आदेश पक्षकारांच्या नावांसह ऑनलाइन उपलब्ध होतात. नोंदणी व कार्ड आपल्या नावाचे असल्याने आपण एकट्या तक्रारदार होऊ शकता, परंतु भावी पतींचे साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र लागेल. हेल्पलाइन आणि नोटीस या टप्प्यांवर काहीही प्रसिद्ध होत नाही, आणि आयोगाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले तर तेथील बोलणी गोपनीय राहतात. घरी सांगायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी आपला आहे. मात्र तो आयोगात जाण्यापूर्वी घ्यावा.

एक काम मात्र आजच करावे. आपण महामार्गाने मोटारीने गेला होता, असे पत्रात आहे. खेड शिवापूर आणि आनेवाडी येथील टोलनाक्यांवर फास्टॅगमधून जाताना व येताना पैसे कापले गेल्याच्या वेळांसह त्या दिवसाचे विवरण बँकेच्या ॲपवरून उतरवून घ्या. व्हॉट्सॲपचा मूळ संदेश फोनमधून पुसू नका, आणि त्याच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडा.