प्रश्न पडलाय? गिळू नकोस

शंका घेतल्याशिवाय आपला धर्म कळतच नाही का, असं तू विचारलंस. माझ्या मते, सगळ्यांना त्याची गरज नसते. जन्मभर एकही शंका न घेता, नुसत्या सेवेतून धर्म अंगी मुरलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तुला प्रश्न पडलाच आहे ना? मग तो गिळू नकोस. मी गिळले होते. पुढे कडवटपणा होऊन बाहेर आले, आणि तो निवळायला बरीच वर्षं गेली.

प्रश्न विचारणं हा काही धर्मद्रोह नव्हे. माणूस मेल्यावर उरतो का, हे कठोपनिषदातला लहानगा नचिकेत थेट यमालाच विचारतो. यम संपत्ती, दीर्घायुष्य देऊ करतो, पोरगं हटत नाही! गीतेत (४.३४) ज्ञानाची वाट सांगताना प्रणिपात (नमस्कार) आणि सेवा यांच्या मधोमध 'परिप्रश्न', म्हणजे खोदून विचारणं, आहे. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथामध्ये वादात मागे पडलेली मतंही जपली आहेत. अल-गझाली या मुस्लिम धर्मपंडितांनी तर १०९५ मध्ये बगदादची मानाची अध्यापकी सोडली. आपण देवासाठी शिकवतो की लौकिकासाठी, हा प्रश्न त्यांना छळत होता.

मात्र उत्तर ऐकायची तयारी नसेल तर तो प्रश्न नाही, टोमणा आहे. रोजच्या एखाद्या प्रार्थनेपासून सुरुवात कर. शब्दाशब्दाचा अर्थ लाव, अडेल तिथे पेन्सिलीने खूण कर आणि जाणत्याकडे जा. तो चिडला, तर दुसरा गाठ.