नवऱ्याविरुद्ध तक्रार कोण घेणार?

"ताई, नवराच आहे तो. तक्रार कोण घेणार?" तांबी बसवून घ्यायला आलेली 29 वर्षांची बाई, सासू केसपेपर काढायला गेली तेवढ्यात हे बोलली. दोन मुलं, दोन गर्भपात, ओटीपोटातलं जुनं दुखणं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नको असताना शरीरसंबंधाची जबरदस्ती केली तरी कायद्यात नवऱ्याला सूट आहे, असं दिराने तिला सांगून ठेवलं होतं.

दीर अर्धंच खरं बोलला. बायको 18 च्या वरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही, हा अपवाद भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे सध्याच्या फौजदारी कायद्याच्या, कलम 63 मध्ये आहे. बलात्काराच्या कायद्यात सुधारणा सुचवायला सरकारने नेमलेल्या वर्मा समितीने 2013 मध्येच तो काढा म्हटलं होतं. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. पण 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात असा अपवाद नाही. त्याच्या कलम 3 मध्ये लैंगिक छळाचा थेट उल्लेख आहे. नवरा-बायको वेगळे राहत असतील तर संहितेचं कलम 67 सुद्धा लागतं. दिराला एवढं माहीत नसावं, किंवा सांगायचं नसावं.

अशा वेळी "अत्याचार होतो का?" असं विचारून काही हाती लागत नाही. बहुतेक जणी नाहीच म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कृती विचारतात: नको असताना बळजबरीने संबंध ठेवला का, धमकी देऊन काही करायला लावलं का. एकांत मिळाला नाही तर तो भाग विचारायचाच नाही, असा तिथला नियम आहे. 2019-21 च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम 14 टक्के निघाल्या. म्हणून सासूला बाहेर बसवायचं. "तपासणीसंबंधी बोलायचंय" एवढं कारण पुरतं.

तिला विचारलं, नाही म्हटलं की काय होतं? "आदळआपट. पोरं उठतात. दुसऱ्या दिवशी खर्चाला पैसे नाहीत." अंगावर वळ नव्हता. बाईला मग वाटतं, मारलं कुठे? पण पैसे रोखणं हाही याच कायद्यात आर्थिक छळ आहे.

पुढचं काम कागदाचं. घरगुती हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल, म्हणजे काय काय घडलं त्याची न्यायालयासाठीची नोंद, विनामूल्य भरून देतात. त्या नमुन्यात लैंगिक हिंसेचा वेगळा रकाना असतो आणि त्यातली पहिलीच नोंद जबरदस्तीच्या संभोगाची. गाडी अडते ती इथे. लाजेने बाई "नवरा त्रास देतो" म्हणते, भरणाराही तेवढंच लिहितो, आणि न्यायालयात ते किरकोळ भांडण ठरतं. तारीख, वेळ, तो काय म्हणाला, मुलं कुठे होती, दवाखान्यात कधी गेलात हे सगळं लिहून घ्यायचं. तारीख आठवत नसेल तर सण किंवा मुलाची परीक्षा धरून जवळची तारीख काढता येते. हिने टिपणं बहिणीच्या घरी ठेवली, कारण फोन नवरा तपासायचा. जबरदस्ती नुकतीच झाली असेल तर आधी दवाखाना: गर्भनिरोधक गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं.

नवऱ्याला लगेच सोबत बसवून "समेट" घडवायची घाई अनेक ठिकाणी होते. आमच्या मते ती धोक्याची आहे. बाई त्याच्यासमोर खरं बोलत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत रात्री मोजते.

तिला घर सोडायचं नव्हतं, त्याला तुरुंगात घालायचं नव्हतं. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 18 खाली संरक्षण आदेश (पुन्हा हिंसा करायची नाही असा) आणि कलम 19 खाली घराच्या ठरावीक भागात त्याने यायचं नाही असा आदेश मागता येतो. तिने एक खोली मागितली, आतून कडी असलेली. सोबत कलम 20 खाली खर्च, आणि कलम 16 खाली सुनावणी बंद दालनात. कायदा पहिली सुनावणी साधारण 3 दिवसांत ठेवायला सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून निकालापर्यंत तात्पुरता आदेश मागणारा कलम 23 चा अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी जोडावा.

आदेशाची एक प्रत पोलीस ठाण्यात, एक बहिणीकडे. नवऱ्याने संरक्षण आदेश मोडला तर कलम 31 खाली 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा 112 ला फोन करून आधी सांगायचं, "माझ्याकडे न्यायालयाचा आदेश आहे."