मिठाच्या मैदानावर कुठले टायर?

प्रश्न : मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. एका सहकाऱ्याबरोबर जुनी होंडा सिव्हिक तयार करतोय. बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर सप्टेंबरात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी '१३० मैल क्लब' असतो, त्यात उतरायचं आहे. गाडीबरोबर आलेले १९५/५५ आर १५ टायर एच दर्जाचे आहेत. नक्षी नव्यासारखी खोल आहे, बाजूवरच्या कोडचे शेवटचे आकडे २३१३. एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किलोमीटर आणि क्लबाचे ताशी १३० मैल म्हणजे २०९. मग चालतील ना? की रुंद घ्यावेत?

उत्तर : नाही, हे टायर लावू नका.

तुमचा हिशेब गाडीच्या वेगाचा आहे. टायरला गाडीचा वेग कळत नाही, स्वतःचं फिरणं तेवढं कळतं. मिठावर पकड डांबरापेक्षा बरीच कमी. त्यात सिव्हिक पुढच्या चाकांनी ओढते. वेग वाढला, हवेचा रेटा वाढला, की ती चाकं थोडी घसरत फिरतात. घसरण पाच टक्के धरली, तरी गाडी २०९ला असताना पुढची चाकं २२०च्या वेगानं फिरत असतील. एचची मर्यादा तेव्हा मागे पडलेली असेल.

मी बावीस वर्षं टायर तपासणीत काढली. फिरत्या लोखंडी ड्रमवर टायर दाबून वेग चढवत नेला आणि त्यावर लुकलुकणारा दिवा धरला, की टायर थांबल्यासारखा दिसतो. मर्यादा ओलांडली की ड्रमला टेकलेल्या जागेच्या लगेच मागे रबरावर लाटा उठतात. दाबलेला भाग पूर्ववत व्हायच्या आतच पुढची फेरी आलेली असते. एकदा मी काचेमागे उभी राहून मोजत होते, चार लाटा स्पष्ट होत्या. मग जळका वास आला आणि नक्षीचा पट्टा सोलून निघाला. लाटा दिसल्यापासून तिथवर पाच मिनिटंही लागली नाहीत. तो टायर बाहेरून निर्दोष होता, म्हणून तुमचं 'नव्यासारखी नक्षी' वाचून मला काळजी वाटली.

२३१३ म्हणजे २०१३ सालचा तेविसावा आठवडा. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, आतल्या तारांच्या पट्ट्यांना धरून ठेवणारा जोड कमजोर होतो. आणि तुमच्या मापाच्या टायरवर २०९च्या वेगाला नक्षीतल्या एक ग्रॅम रबराला बाहेर फेकणारा जोर एक किलोहून जास्त असतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. खोल नक्षी म्हणजे जास्त रबर, जास्त जोर, जास्त उष्णता. म्हणूनच खास या खेळाच्या टायरांवर रबराचा थर अगदी पातळ ठेवतात. १९९७ साली ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या थ्रस्ट एसएससी या गाडीला तर रबर नव्हतंच, ॲल्युमिनियमची चाकं होती.

तुम्ही त्याच मापाचे, अलीकडच्या तारखेचे, डब्ल्यू (२७०) किंवा वाय (३००) दर्जाचे चार टायर घ्या. व्ही (२४०) कागदावर पुरतो, पण पुढच्या वर्षी तुम्ही १५० मैलांच्या क्लबात जाणारच, आणि १५० मैल म्हणजे २४१. पंक्चर काढलेला टायर मात्र एकही नको. हवा रस्त्यापेक्षा जास्त भरा म्हणजे टायर कमी दबेल, कमी तापेल. पण बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे जाऊ नका.

रुंद टायर नकोत. हवेला जास्त अडतात, आणि तुम्हाला जी पकड हवी आहे ती मिठावर रुंदीनं फारशी मिळत नाही.

चाकाच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं दहा ग्रॅमचं वजन त्या वेगाला जवळजवळ सात किलोच्या जोरानं ओढलं जातं. रिम नीट पुसून वजन लावून घ्या आणि वरून पक्की टेप मारा. रबरी व्हॉल्व्ह वाकून हवा सोडतो, तो काढून धातूचा बसवा, टोपीही धातूचीच.

शेवटचं काम मैदानावरचं. ओलं मीठ रिमच्या आत थापलं जातं आणि बॅलन्स बिघडतो. प्रत्येक फेरीनंतर चाकं गार झाली की लाकडी पट्टीनं ते खरवडा, मग टायरवरून तळहात सावकाश पूर्ण गोल फिरवा. कुठे फुगवटा किंवा चीर लागली, तर त्या टायरवर पुन्हा फेरी मारू नका.