खर्च कापायचा की विक्री वाढवायची? माझा हिशोब पोळीचा

तुम्ही विचारलंय की धंदा चालवताना खर्च आवरायचा की विक्री वाढवायची, दोन्हीचा मेळ कसा घालायचा. माझं दादर पश्चिमेला पोळीभाजी केंद्र आहे, सहा बायका कामाला. दोन्हीकडून हात पोळून झालेत, म्हणून लिहिते.

माझा डबा १२० रुपयांचा. पीठ, भाजी, तेल, गॅस, पोचवणावळ असे ८९ जातात, ३१ उरतात. गाळ्याचं भाडं, पगार, वीज मिळून महिन्याला १,८६,०००. म्हणजे २५ दिवस रोज २४० डबे गेले तर फक्त बरोबरी. त्यापुढचं माझं.

हा आकडा मला उशिरा कळला. सिहोर गहू महागला तेव्हा रोजचे ३०० डबे जात होते. मी गुपचूप हलका गहू मिसळायला लागले. किलोमागे ६ रुपये वाचायचे. किलोच्या साधारण ३० पोळ्या, म्हणजे पोळीला २० पैसे. डब्यात चार पोळ्या, महिन्याला ६,००० वाचले. खूश होते मी. पण सकाळी मऊ असलेली पोळी एक वाजता डबा उघडेपर्यंत चामट व्हायची. तक्रार कोणीच केली नाही. मुंबईतलं गिऱ्हाईक भांडत बसत नाही, दुसरीकडे डबा लावतं. रोजचे ४० डबे तुटले, म्हणजे महिन्याला ३१,००० गेले.

मग घाबरून विक्रीच्या मागे लागले. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) एका ऑफिसनं रोज १५० डबे मागितले, भाव ९५. साडेतीन लाखांची विक्री वाढणार म्हटल्यावर मी हो म्हणून टाकलं. डब्यामागे ६ रुपये, म्हणजे महिन्याला २२,५०० सुटत होते आणि त्यासाठी ठेवलेल्या दोन जणींचा पगार होता ३६,०००. वर पैसे सत्तर दिवसांनी, तर गिरणीवाला दर शनिवारी दारात. (उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असेल, तर लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या नियमानं, ही मुदत उलटली आणि वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षी त्याला तो खर्च दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच येतो. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर निदान अकाउंट्सवाल्याशी बोलताना आवाज चढला असता.) चार महिन्यांनी मीच ते काम सोडलं.

आता कात्री लावताना एवढंच बघते की ते गिऱ्हाइकाच्या ताटात दिसेल का. पिठाला हात लावत नाही. उरलेली भाजी मात्र रोज वजन करून वहीत लिहायला लावते. पहिल्या आठवड्यात बायका हसल्या, नंतर आकडा बघून गप्प झाल्या. तेव्हापासून डब्यांची नोंद आदल्या रात्री नऊपर्यंत व्हॉट्सअॅपवर घेते आणि तेवढंच शिजवते.

आणि विक्री वाढवते ती दुपारी अडीचनंतर. तेव्हा ओटा रिकामा असतो, भाडं मात्र चालूच. त्या वेळात आम्ही थालीपिठाची भाजणी करून विकतो, श्रावणात उपवासाची, होळीला पुरणपोळ्या. नवीन माणूस ठेवलं नाही, त्याच बायकांना जास्तीच्या तासांचे पैसे देते. गेल्या होळीला पुरण वाटताना मिक्सर जळला, तो खर्च वेगळा.